कागदावर ‘आहे’, पण वापरात आहे का?



प्रत्येक शाळा दरवर्षी ‘यू-डायस’ची माहिती भरून सरकारला पाठवते. शौचालय आहे, पाणी आहे, अशी नोंद त्यात होते. पण वहीतली शिल्लक आणि गोदामातला माल ताडून पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही, हे आम्हा कारकुनांना पक्के ठाऊक असते. शौचालयाला कुलूप असेल, तर ते ‘आहे’ कसे म्हणावे?

ताडून न पाहण्याची किंमत फार मोठी असते. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागून ९४ मुले गेली. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या गंडामन गावात कीटकनाशक मिसळलेले शाळेचे जेवण खाऊन २३ मुले दगावली. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी शाळेची इमारत कोसळून ७ मुलांचा जीव गेला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सुरक्षित पाणी, मुलामुलींची वेगळी शौचालये, पक्की इमारत व कुंपण बंधनकारक केले आहे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही त्यात आहे. सरकारी शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे हे या समितीचे काम आहे; अनुदानित शाळेत तिची भूमिका सल्ल्यापुरती आहे. म्हणजे तपासणीचा अधिकार आपलाच आहे!

पुढच्या वेळी शाळेत जाल तेव्हा एवढे पाहा :

१) टाकीला झाकण आहे का? ती शेवटची कधी धुतली?

२) मुलींच्या शौचालयाला आतून कडी आणि आत पाणी आहे का? घरी मुलीलाच विचारा. शौचालयात जावे लागू नये म्हणून ती दिवसभर पाणी पीत नसेल, तर उत्तर मिळाले.

३) मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षक जेवणाची चव घेतात का? तेल-डाळीशेजारी औषधाचा डबा तर नाही?

४) अग्निशामक नळकांड्यावरची मुदत संपली आहे का? जिन्यात मोडकी बाकडी रचली आहेत का?

५) छताचे गज उघडे पडले आहेत का? विजेची तार लोंबते का?

‘बोललो तर मुलावर राग निघेल’ ही भीती खोटी नाही. म्हणून एकटीने जाऊ नका. पाच-सहा जणींनी मिळून सह्यांचा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या आणि समितीच्या इतिवृत्तात त्याची नोंद करायला लावा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, आवक क्रमांक पडलेला कागद सहसा नाकारता येत नाही. सभेसाठी रोज बुडत असेल, तर सभा रविवारी किंवा संध्याकाळी ठेवा, अशी मागणीही याच अर्जात करा.

पावसाळ्याची वाट पाहू नका. याच आठवड्यात शाळेत जाऊन या.