बोहो म्हणजे काय जी?

रंगारी भाऊंनी शिडी भिंतीला टेकवली, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "बाई, हे बोहो म्हणजे काय जी?" त्यांची दोन्ही मुलं माझ्या वर्गात शिकली, म्हणून मी निवृत्त झाले तरी त्यांच्यासाठी अजून बाईच आहे. शिकवण्याची सवय जात नाही, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. ते माझ्या मुलीच्या मोबाइलमध्ये होतं.

मुलगी पुण्यात नोकरी करते. महिन्यातले दहा-बारा दिवस घरून काम करायची मुभा आहे, तेव्हा ती वरोऱ्याला येते आणि पश्चिमेच्या खोलीत बस्तान मांडते. त्या खोलीला शेवटचा हात तिच्या बारावीच्या वर्षी मारला होता, पिस्ता रंगाचा. ती खोली आता तिला 'बोहेमियन', म्हणजेच बोहो, करायची होती. तिने चित्रं दाखवली. मातकट लाल भिंत, पलंगावर सोळा उशा (मी मोजल्या), दोऱ्यांना गाठी मारून केलेलं झुंबरासारखं काहीतरी, बांबूचे दिवे, आरसे लावलेल्या चादरी. दिसायला छान होतं, खोटं कशाला बोलू? पण खाली लिहिलं होतं, 'संपूर्ण बोहो सेट', आणि पुढे किंमत. भटक्यांचा संसार आता सेटमध्ये मिळतो, हे मला तिथेच खटकलं.

शब्दाचा माग काढणं हा माझा जुना उद्योग. रोमा लोक पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये पोचले, तेव्हा फ्रेंचांना वाटलं हे बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशाच्या भागातून आले. म्हणून ते 'बोहेमियन'. पुढे पॅरिसमधले फाटके चित्रकार आणि कवी स्वतःला तेच म्हणवून घेऊ लागले. आन्री म्युर्झेने त्यांच्या गोष्टींचं पुस्तक 1851 मध्ये काढलं, त्यावरून पुच्चिनीने 1896 मध्ये ऑपेरा केला, आणि शब्दाला अत्तर लागलं. मूळ माणसं मात्र बोहेमियाची नव्हतीच, ती निघाली होती आपल्याकडून. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला पानी म्हणतात, नाकाला नाख, कानाला कान आणि काळ्याला कालो. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिने कानातलं यंत्र काढलं आणि म्हणाली, "आई, म्हणजे मी आपलंच सामान आपल्याकडे मागवतेय?"

तसंच म्हणायचं. आणि म्हणूनच थोडी लाजही वाटायला हवी. आपल्याकडे इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. स्वतंत्र भारतात तो कायदा जायला 1952 उजाडलं. आजही गावाबाहेरच्या मैदानात भटक्यांची पालं पडली की चार दिवसांत कुणीतरी जाऊन त्यांना उठवतं. पालातल्या बाईने शिवलेलं आरशांचं कापड उशीवर चालतं, ती बाई शेजारी चालत नाही. ज्यांना बोहो हौस आहे त्यांनी ही गोष्ट उशीखाली ठेवून झोपावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता रंगाकडे येते, कारण पैसे तिथे बुडाले. मुलीने मोबाइलवरचा मातकट लाल दाखवला, दुकानदाराने मशीनवर तस्साच काढून दिला, चार लिटरचा डबा. भाऊ म्हणाले, आधी भिंतीवर चार चौकोन मारून पाहू. आम्ही घाईत होतो. एक भिंत पूर्ण झाली, सकाळी बघितली, झकास. चार वाजता खिडकीतून मे महिन्याचं ऊन आडवं आत आलं आणि ती भिंत कच्च्या कलेजीसारखी दिसायला लागली. रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली जांभळट. भाऊ दारात उभे राहून बघत होते. "हा रंग तं खानावळीतला दिसते, बाई." मी बोललेच नाही. डब्यात अजून दीड लिटर पडून आहे, कुणाला कुंड्या रंगवायच्या असतील तर न्यावा.

चित्रातली खोली कुठल्यातरी थंड देशातली होती, जिथे ऊन पाहुण्यासारखं येतं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात ते घरजावयासारखं राहतं. पारा 46-47 ला जातो, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या दुपारी तीनदा भिजवाव्या लागतात. इथे लाल भिंतीकडे नुसतं बघितलं तरी घाम येतो. तसं पाहिलं तर आतल्या भिंतीच्या रंगाने खोली फारशी तापत नाही, तापते डोक्यावरच्या स्लॅबने. म्हणून ज्याला उन्हाळ्यात त्या बोहो पलंगावर खरोखर झोपायचं आहे, त्याने पहिला पैसा गच्चीवर पांढरा चुना मारण्यात घालावा. पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

मग केले चौकोन, दोन-दोन फुटांचे. भाऊंनी बजावलं, "आता नोका सांगू. चार वाजता सांगजा, अन् रात्री लाइट लावून सांगजा." दोन दिवस आम्ही त्या भिंतीसमोरून ये-जा करत होतो. हळदी रंग सकाळी हसला आणि रात्री आजारी पडला. शेवटी जिंकला साधा चुना, थोडी नीळ घातलेला, आणि खाली गुडघाभर गेरूचा पट्टा. म्हणजे खेड्यात आमच्या आजीचं घर होतं तेच. मुलगी म्हणाली, "हे तर खूपच बोहो आहे." मी हसू दाबलं.

चुना लावणं सोपं नाही, हेही लिहून ठेवते. सिमेंटच्या कारखान्यांचा आपला जिल्हा, जमिनीखाली चुनखडीच चुनखडी, आणि चुन्याच्या कळ्यांसाठी मला तीन दुकानं फिरावी लागली. आधी जुना पिस्ता आणि ती कलेजी खरवडून काढली, कारण ऑइल पेंट किंवा इमल्शनवर चुना धरत नाही, पोपडे येतात. मग भाऊंनी पत्र्याच्या ड्रममध्ये कळ्या टाकून पाणी ओतलं. क्षणभर काही नाही. मग तळाशी खुसखुस, मग एकदम खदखद, वाफ, आणि तो गरम ओल्या दगडाचा वास. मुलगी मीटिंग सोडून अंगणात आली. रात्रभर निवला, सकाळी लुगड्याच्या फडक्यातून गाळला, डिंकाचं पाणी आणि नीळ घालून ढवळला. पहिला हात लावला तेव्हा भिंत राखाडी, जवळजवळ पारदर्शक दिसली. आम्ही दोघी हिरमुसलो. भाऊ बिडी ओढायला निघून गेले. तासाभरात सुकत सुकत ती आपोआप पांढरी होत गेली, वरून खाली. असा पांढरा मी डब्यातून निघालेला बघितलेला नाही.

चुना पाठीला लागतो. म्हणून पलंगामागे भिंतीवर आनंदवनातल्या मागावर विणलेली सतरंजी टांगली. बाबा आमट्यांनी ते 1949 मध्ये उभं करायला घेतलं, तेव्हापासून वरोऱ्याचं नाव बाहेर त्यावरूनच निघतं, आणि आम्ही गावकरी पाहुणे आले की तेवढ्यापुरतं तिकडे जातो. सतरंजी आमच्याकडे बारा वर्षं ट्रंकेत होती. पलंगावर सासूबाईंनी शिवलेली गोधडी. त्यात त्यांची दोन लुगडी आहेत, सासऱ्यांच्या खाकी पँटचा तुकडा आहे आणि मुलीच्या प्राथमिक शाळेच्या निळ्या स्कर्टचा घेर आहे. अशाच वस्तूला दुकानात काहीतरी इंग्रजी नाव लावून चार आकडी किंमत घेतात. फरक एवढाच की त्यातला स्कर्ट कुणाचा, ते विकणाऱ्याला माहीत नसतं.

दिव्याची टोपी बुरडाकडून करून घेतली. त्याला आधी वाटलं कोंबड्या झाकायचा खुराडा हवा आहे. काम फार सुबक झालं, रात्री भिंतीवर काड्यांची जाळी पडायची. तीन महिन्यांनी उशीवर पिवळी भुकटी दिसायला लागली. बांबूला पोरकिडा लागला होता. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, नाहीतर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवावा लागतो, ही अक्कल मला नंतर आली. चिचपल्लीला सरकारचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, वरोऱ्याहून काही फार दूर नाही. विचारायला हवं होतं. दुसरी टोपी त्याच बुरडाने मुरवलेल्या बांबूची करून दिली. पैसे पुन्हा घेतले, आणि बरोबरच घेतले.

बल्ब मात्र मी पिवळसर, तीन हजार केल्विनचा लावला. गेरूवर पांढरा ट्यूब लावणं म्हणजे आमरसावर मीठ. शेड कार्डावर अर्धा दिवस घालवणारी माणसं बल्बला अर्धं मिनिटही देत नाहीत.

सोळा उशा आणल्या नाहीत. इथे वाऱ्याबरोबर कोळशाची धूळ येते. वरोऱ्याची इंग्रजांच्या काळातली खाण 1906 मध्येच बंद झाली, पण आसपासच्या खाणी चालू आहेत आणि ट्रक रात्रंदिवस धावतात. झालर लावलेली उशी इथे आठ दिवसांत राखाडी होते, आणि ती धुणार कोण हा प्रश्न कुठल्याच चित्राखाली लिहिलेला नसतो. चार उशा आहेत, खोळी काढून धुता येतात.

सेटमधली एक वस्तू तेवढी मुलीने आधीच मागवून ठेवली होती, ती गाठींची दोऱ्यांची टांगणी. परत घेत नाहीत म्हणे. खोलीत दोनदा टांगून पाहिली, कूलरच्या वाऱ्याने रात्रभर भिंतीवर टकटक करायची. आता ती स्वयंपाकघरात खिडकीशी आहे. लसणाच्या गड्ड्या त्यात फार चांगल्या राहतात, हवा लागते.