फारकतीनंतरची चिठ्ठी



‘फारकत’ हा शब्द आता नाते तुटल्याच्या बातमीपुरता उरला आहे. मूळचा तो पेढीवरचा. फारसीतील ‘फारिगखती’, म्हणजे हिशेब चुकता झाला, परस्परांकडे काही येणे उरले नाही, असे लिहून दिलेला कागद. जैन व्यापारी आणि कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये लिहिलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मचरित्रात अशाच एका हिशेबासाठी आग्र्यात घातलेल्या हेलपाट्यांची हकीकत आहे. धनाढ्य साहू सबलसिंह गाण्याबजावण्यात दंग आणि हिशेब रोज उद्यावर. अखेर अंगा शाह या स्नेह्याने मध्यस्थी केली, तेव्हा कित्येक दिवस अडलेले काम चुटकीसरशी मिटले.

बनारसीदासांना निदान कागद मिळाला. तेवढ्याने निरोप पुरा होतो का, हा प्रश्न गेल्या चातुर्मासात माझ्यासमोर आला.

एकेकाळी विम्कोच्या आगपेट्यांसाठी ओळखले जाणारे अंबरनाथ आज मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील लहानमोठ्या कारखान्यांवरही जगते. तेथील एका कारखान्यात आमच्या परिचयातील मुलगा चार वर्षे खरेदी आणि माल पाठवणी पाहत होता. वडिलांचे खोकी आणि पॅकिंगच्या सामानाचे दुकान आहे. ते सांभाळायला परतायचे ठरले, राजीनामा दिला, मुदतीचा महिनाही संपत आला. मालकांना आभाराची चिठ्ठी द्यावी म्हणून त्याने मजकूर तयार केला आणि मला दाखवायला आणला. ‘आपल्या गतिमान नेतृत्वाखाली अमूल्य अनुभवाची शिदोरी लाभली’ वगैरे. मोबाइलवरून उतरवलेला, हे दुसऱ्या ओळीतच कळले.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे. पोकळ स्तुतीला हे नाव देणे कठोर होईल, हे मान्य. पण ज्या माणसाचे गतिमान नेतृत्व आपल्याला कधी जाणवले नाही, त्याला ते लिहून द्यावे तरी कशाला? मी त्याला एवढेच विचारले, “तुझ्या मालकांनी तुझ्यासाठी नेमके काय केले?” तो बराच वेळ बोलला. मग आम्ही ते लिहून काढले :

“मालकांस सादर नमस्कार. रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी ई-वे बिलावर गाडीचा क्रमांक चुकीचा टाकला. गाडी वाटेत अडली. दंड आपण भरलात, माझ्या पगारातून काही कापले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारी बसवून दहा बिले माझ्याकडून करून घेतलीत. ते काम मला तेव्हा आले. दिवाळीच्या घाईत मी हमालांवर आवाज चढवला होता. त्यांची क्षमा मी मागितली, आपली मागायची राहिली होती. गोदामाच्या दोन्ही किल्ल्या आणि पोहोच न आलेल्या मालाची यादी सोबत आहे.”

शेवटी त्याने स्वतःहून एक ओळ घातली : “कारखान्याच्या खरेदीचे दर माझ्याकडून बाहेर जाणार नाहीत, आमच्या दुकानातही नाहीत.”

या ओळीवरून घरात वादळ उठले. वडिलांचे म्हणणे उघड होते. तो कारखाना खोकी कोणत्या भावाने घेतो, हे मुलाला ठाऊक. चार वर्षांत दुसरे काय मिळवले? शिवाय कायद्याने बांधलेला नसताना असे लिहून देणे म्हणजे स्वतःचे हात बांधून घेणे. व्यापारी म्हणून त्यांचा सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याच पाच अतिचारांत साकारमंत्रभेदही आहे : दुसऱ्याच्या मनातले हावभावांवरून ओळखून ते उघड करणे. येथे तर मालकांनी दर विश्वासाने समोर ठेवले होते. मी मुलाची बाजू घेतली. वडील माझ्याशी पर्युषणापर्यंत नीट बोलले नाहीत.

(जाता जाता पेढीवाल्यांना एक विचारतो. आपला मुनीम पंधरा वर्षांनी जातो, तेव्हा आपण त्याला हिशेबाखेरीज दोन ओळी लिहून देतो का? मी दिल्या नव्हत्या.)

शेवटच्या दिवशी मालकांनी चिठ्ठी उभ्याउभ्याच वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, “किल्ल्या कुठे आहेत?” एवढेच. मुलगा खट्टू होऊन घरी आला.

पर्युषण संपल्यावर त्याच कारखान्यातून दुकानात फोन आला : खोक्यांचा दर लेखी पाठवा. वडिलांनी वही उघडली, कागदाचा भाव, छपाई, वाहतूक मांडली, पुन्हा खोडली. एकदा मुलाकडे पाहिले. तो पाठमोरा बसून गठ्ठे मोजत होता. संध्याकाळी वडिलांनी आपल्या हिशेबाने परवडेल तो दर लिहिला आणि पाकीट त्याच्याच हाती मोरिवलीला धाडले.