गोड माणसं, पण आवडेनात

पडद्यावरची भांडखोर माणसं मला चालतात. चालत नाहीत ती गोड बोलून दुसऱ्याला टांगून ठेवणारी.

सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' २०१० मध्ये आला. एकच दिवस, आपलंच पुणे आणि जवळजवळ सगळा वेळ दोघंच, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. ती मुंबईहून येते तीच मुलाला नकार द्यायला. दोघंही फटकळ, शहरावरून सारखी खडाजंगी. तरी दोघं आपली वाटतात, कारण मनात आहे तेच ओठांवर येतं आणि भांडणाची झळ तिसऱ्या कुणाला लागत नाही.

२०१५ च्या दिवाळीत दुसरा भाग आला. आता ते गौतम आणि गौरी. प्रशांत दामले, सुहास जोशी अशी कसलेली मंडळी, हौशी घरं, सुंदर कपडे. लग्नाची तयारी सुरू होते आणि गौरीचं मन डळमळू लागतं. त्यातच जुना मित्र परत येतो. मुक्ताचं काम नेहमीसारखं सच्चं आहे, पण गौरीशी माझं काही जमलं नाही.

आमची सूनबाई म्हणाली, "आई, हिरो गोंधळला की तुम्ही सगळे कौतुक करता. मुलगी गोंधळली की लगेच नावं ठेवता." मुद्दा रास्त आहे. गोंधळण्याचा हक्क गौरीला आहेच, लग्न मोडण्याचाही आहे. पण गौतमच्या जागी गौरी आणि गौरीच्या जागी गौतम असता तरी मी हेच म्हटलं असतं.

मी कॉमर्सची, खर्च कुणाच्या नावावर पडतो ते आधी बघते. गौरीच्या गोंधळाचा खर्च गौतमच्या नावावर आहे, दोन्ही घरांच्या नावावर आहे, आणि सिनेमा तो वहीत लिहीतच नाही. गाणी होतात, विनोद होतात, आपण हसायचं. गौतमला इतका समजूतदार केलाय की त्याला धड रागावताही येत नाही. त्यामुळे तो मोठा होत नाही, गौरी मात्र लहान होते.

बरं, घरची माणसं एवढी प्रेमळ, तर ती त्यांच्याशी आधीच का बोलत नाही? याचं पटेल असं उत्तर मला सिनेमात सापडलं नाही. पहिल्या भागातली फटकळ मुलगी पहिल्याच दिवशी बोलून मोकळी झाली असती.

इथे बिबवेवाडीत ओळखीतलं एक लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना मोडलेलं मी पाहिलंय. हॉलचे पैसे गेले, ते जाऊ द्या. मुलाची आई दोन महिने जिन्यात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. आणि त्या मुलीलाही कुणी वाईट म्हणू नये. "पत्रिका छापल्या आता" असं म्हणून तिला गप्प करणारे घरचेच होते. या गप्प बसण्यातून खरा सिनेमा झाला असता, हसवणारासुद्धा.

म्हणून आयांना एवढंच सांगते. तारीख काढण्याआधी मुलीला एकटीला बसवून विचारा, मुलालाही विचारा. आणि विचारताना "नाही" ऐकायची तयारी ठेवा. नुसतं विचारल्यासारखं करू नका.