भाजीची जुडी आणि डोळ्यांची गोळी

जबलपूर शहराच्या गोरखपूर भागातील बाजारात हिवाळ्याच्या दिवसांत भाज्यांची रेलचेल असते. पालक, मेथी, बथुआ म्हणजे मराठी घरातील चाकवत, लाल भाजी म्हणजे तांबडा माठ, गाजरे, भोपळे, आणि ज्याची कीर्ती जबलपूरच्या सीमेबाहेरही पोचली आहे तो मटार. त्याच शहरातील औषधांच्या दुकानांत, देशातील इतर सर्व शहरांप्रमाणेच, दृष्टी तेज करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या बाटल्याही मांडलेल्या दिसतात. मुलाला फळ्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली की पुष्कळ आईबाप प्रथम या बाटल्यांकडे वळतात. भाजीची जुडी दोन दिवस पडून सुकली तरी तिच्याकडे कोणी पाहत नाही. डोळ्याला अन्नातून काय हवे असते आणि औषधाच्या गोळीतून केव्हा हवे असते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाल्याने पैसा वाया जातो; क्वचित प्रसंगी डोळाही जातो.

डोळ्याच्या आतील पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. मंद प्रकाशात पाहण्याचे काम त्यातील दंडाकृती पेशी करतात. या पेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे एक रंगद्रव्य असते आणि ते अ-जीवनसत्त्वापासून बनते. प्रकाशाचा किरण पडताच या द्रव्याचे विघटन होते व त्यातूनच मेंदूकडे संदेश जातो. अंधारात ते पुन्हा तयार होते. या शोधाबद्दल जॉर्ज वाल्ड यांना १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरातील अ-जीवनसत्त्वाचा साठा संपत आला की हे रंगद्रव्य पुरेसे तयार होत नाही आणि दिवेलागणीच्या वेळी मूल अडखळू लागते. ताटातील घास त्याला चाचपावा लागतो, अंगणात खेळणारे मूल एकाएकी आईचा पदर धरून बसते. यालाच रातांधळेपणा म्हणतात.

येथवर हानी भरून येण्यासारखी असते. उणीव तशीच राहिली तर डोळ्याचा ओलावा राखणाऱ्या पेशी बिघडतात, पांढरा भाग कोरडा व सुरकुतलेला दिसू लागतो आणि त्यावर साबणाच्या फेसासारखे ठिपके उमटतात. फ्रेंच वैद्य पिएर बितो यांनी १८६३ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना बितोचे ठिपके असे नाव पडले. यापुढची पायरी भयंकर आहे. बुबुळावरील पारदर्शक पटल मऊ पडते, त्याला व्रण होतो, आणि कुपोषित मुलाला गोवर किंवा अतिसार झाला तर काही दिवसांतच ते वितळून जाते. गेलेले पटल जगातील कोणतीही भाजी किंवा गोळी परत आणू शकत नाही.

या रोगावरचा उपाय मानवाला शास्त्रीय कारण समजण्याच्या फार पूर्वी गवसला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर बोकडाच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे, आणि प्राचीन इजिप्तमधील वैद्यही यकृतच वापरीत. प्राण्यांच्या शरीरात अ-जीवनसत्त्वाचा साठा यकृतातच होतो, हे आज आपण जाणतो. आहारातील स्निग्धांशाशी दृष्टीचा किती जवळचा संबंध आहे, हे मात्र डेन्मार्क या देशाने फार महागात शिकून घेतले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील लोणी चढ्या भावाने परदेशी जाऊ लागले. गरिबांच्या मुलांच्या वाट्याला साय काढलेले दूध व वनस्पती तेलाचे कृत्रिम लोणी आले, आणि त्या दुग्धसंपन्न देशातील बालके डोळे गमावू लागली. कार्ल ब्लॉक या बालरोगतज्ज्ञाने कारण ओळखले. १९१७ च्या अखेरीस आयात बंद पडून कृत्रिम लोण्याचा तुटवडा झाला, सरकारने खऱ्या लोण्याचे शिधावाटप सुरू केले आणि त्यानंतर हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. डोळ्याचे आरोग्य दवाखान्याइतकेच बाजारपेठेतही ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

भारतातील बहुसंख्य कुटुंबांना यकृत, अंडी व भरपूर दूध रोज परवडत नाही. त्यांच्यासाठी अ-जीवनसत्त्वाचा मुख्य आधार म्हणजे कॅरोटीन हे वनस्पतींतील पिवळे-नारिंगी द्रव्य. शरीर त्याचे रूपांतर अ-जीवनसत्त्वात करते, हे १९३० साली टॉमस मूर यांनी सिद्ध केले. पालेभाजीतील कॅरोटीन हिरव्या रंगाखाली झाकलेले असते. पान जितके गडद, तितके ते सामान्यतः अधिक. शेवग्याचा पाला (शेवग्याला जबलपुरात मुनगा म्हणतात), कढीपत्ता, कोथिंबीर, पालक, माठ, मेथी हे त्याचे उत्तम साठे होत. शेवग्याच्या शेंगा आवडीने खाल्ल्या जातात आणि पाला गुरांपुढे पडतो, हा उलटा न्याय आहे. कॅरोटीन पाल्यात विपुल आणि शेंगांत अल्प असते. पिकलेला आंबा, पपई आणि पिवळा भोपळाही उपयोगी. रंगावरून फसगत मात्र होऊ शकते. बिटाचा लाल रंग व हळदीचा पिवळा रंग निराळ्या द्रव्यांचा असतो आणि त्यांपासून अ-जीवनसत्त्व बनत नाही. कलिंगडाचा रंग मुख्यतः लायकोपीनचा असून त्याचेही अ-जीवनसत्त्वात रूपांतर होत नाही. हिवाळ्यातील तांबड्या देशी गाजरातही लायकोपीनचा वाटा मोठा असतो, तरी त्यात कॅरोटीनही असते. जबलपूरच्या अभिमानाचा मटार प्रथिनांसाठी चांगला, पण या कामी तो पालकाच्या जवळपासही येत नाही.

कॅरोटीनचे रूपांतर पूर्णांशाने होत नाही. अन्नातील ६ मायक्रोग्रॅम कॅरोटीन १ मायक्रोग्रॅम अ-जीवनसत्त्वाबरोबर धरावे, असे दीर्घकाळ मानले जाई. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २००१ साली ते प्रमाण १२ ठरविले. म्हणजे पालेभाजीला वाटत होते त्याच्या निम्मेच श्रेय द्यावे लागेल. ही गोष्ट पालेभाजीचे कौतुक करणाऱ्यांना रुचणारी नाही, पण ती लपवून काही साधत नाही. आठवड्यातून एकदा चमचाभर भाजी पुरणार नाही. ती रोज आणि वाटीभर हवी, एवढाच तिचा अर्थ. शिवाय कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे थोडे तेल-तूप असल्याखेरीज ते आतड्यांतून नीट शोषले जात नाही. या बाबतीत मराठी स्वयंपाकघराची जुनी रीत शास्त्राला धरून आहे: गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी, पालेभाजीत दाण्याचे कूट, वरणभातावर तुपाची धार. जबलपूर ज्या जुन्या प्रांतात होते त्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती. त्या काळापासून येथे नांदत असलेल्या मराठी घरांना या पदार्थांची ओळख करून द्यावी लागणार नाही. लहान मुलाच्या ताटात ते पोचतात की नाही, एवढेच पाहावे लागेल. पालेभाजी मुलाला पचत नाही ही समजूत अनेक घरांत घट्ट रुजली आहे. शिजवून घोटलेली भाजी सहा महिने पुरे झालेल्या बालकालाही वरच्या अन्नाबरोबर देता येते.

आता गोळीचा, म्हणजे पूरक मात्रेचा प्रश्न. तिच्या उपयोगाचे एक निर्विवाद उदाहरण आपल्याच देशात आहे. अ-जीवनसत्त्व यकृतात साठून राहते, म्हणून मोठी मात्रा दिली तर ती काही महिने पुरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत या कल्पनेची परीक्षा झाली आणि १९७० साली बालकांचे अंधत्व टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आजच्या पद्धतीनुसार नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख एककांची पहिली मात्रा देतात, आणि दीड वर्षाच्या सुमारास सुरू होऊन पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एककांची. एकूण नऊ मात्रा. २ लाख एकके म्हणजे ६० मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या दिवसांत विभागल्यास दिवसाला सुमारे ३३० मायक्रोग्रॅम पडतात. ही मात्रा चमचाभर गोड द्रवातून मिळते व सरकारी आरोग्य केंद्रात तिला दाम पडत नाही.

ही मात्रा सरसकट सर्व बालकांना देत राहावी काय, यावर आहारशास्त्रज्ञांत तीव्र मतभेद आहेत. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक ते चार वर्षांच्या बालकांपैकी १८ टक्क्यांत ही उणीव आढळली आणि राज्याराज्यांत फार तफावत दिसली. ज्यांच्या कारकिर्दीत हैदराबादच्या संस्थेत हे काम झाले, ते सी. गोपालन पुढे सरसकट मात्रेचे टीकाकार बनले; खरा उपाय आहारातच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे म्हणणे तत्त्वतः योग्यच आहे. पण ज्या वस्तीत गोवराची लस चुकते आणि दूध-भाजी दोन्ही दुर्मिळ असतात, तेथे आहार सुधारेपर्यंत मात्रा थांबविणे म्हणजे नवीन घर बांधण्याआधी जुने छप्पर काढण्यासारखे होय. मात्रा चालू ठेवावी, तिची गरज कोठे उरली आहे ते मोजत जावे. आणि भाजीचा प्रश्न सुटला असे मात्रेच्या आकड्यांवरून कोणी समजू नये.

बाटलीतील इतर गोळ्यांविषयी मात्र इतके बरे बोलता येत नाही. शाळेतील मुलाला चष्मा लागतो तो बहुधा नेत्रगोल लांबट झाल्यामुळे, आणि गाजर खाऊन नेत्रगोल आखूड होत नाही. रात्री लढणाऱ्या वैमानिकांना गाजरे खाल्ल्याने अंधारात दिसते, असे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वृत्तपत्रांनी पसरविले. वास्तविक त्यांच्या विमानांत रडार बसविलेले होते. अ-जीवनसत्त्व ज्याच्या शरीरात पुरेसे आहे त्याची दृष्टी ते अधिक घेतल्याने वाढत नाही. चष्म्याच्या बाबतीत खरोखर गुण दाखविला तो दुसऱ्याच गोष्टीने. चीनमधील ग्वांगझौ शहरात पहिल्या इयत्तेच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर खेळविले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर इतर शाळांतील सुमारे ४० टक्क्यांना. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. मैदानाची बाटली भरून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

वृद्धांत एक अपवाद आहे. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याच्या रोगात, तो विशिष्ट अवस्थेला पोचलेला असेल तर, जस्त व काही जीवनसत्त्वांच्या ठराविक मिश्रणाने रोग बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे एकचतुर्थांशाने घटतो, असे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात २००१ साली आढळले. त्या मिश्रणात बीटा-कॅरोटीन होते. पण धूम्रपान करणाऱ्यांत त्याच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढतो असे दिसल्याने पुढे त्याऐवजी ल्यूटीन व झिअँथिन घालण्यात आले. हे औषध नेत्रवैद्याने तपासून द्यावयाचे आहे. मोतीबिंदूवर त्याचा उपयोग दिसला नाही. भारतात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी ६६ टक्के मोतीबिंदूमुळे आहे, असे २०१५ ते २०१९ च्या पाहणीत आढळले. त्याला शस्त्रक्रिया हाच उपाय, आणि गोळ्यांच्या आशेवर घालविलेली वर्षे आंधळेपणातच जातात. अ-जीवनसत्त्वाचा अतिरेकही निरुपद्रवी नाही. डोकेदुखी, ओकारी व यकृताला इजा होते. गर्भवतीने मोठ्या मात्रा घेतल्यास गर्भात व्यंग येऊ शकते. पालेभाजी खाऊन असे विष कधी चढत नाही, कारण शरीर गरजेपुरतेच कॅरोटीन बदलून घेते.

समाजाच्या हातात आणखी एक साधन आहे. वनस्पती तुपात अ-जीवनसत्त्व मिसळण्याची सक्ती भारतात १९५३ सालापासून झाली, आणि खाद्यतेल व दूध यांत अ व ड ही जीवनसत्त्वे घालण्याची मानके २०१८ साली ठरली. शाळेतील दुपारच्या भोजनाचे मापही ठरलेले आहे: प्राथमिक वर्गातील मुलामागे ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल. त्या ५० ग्रॅमांत केवळ बटाटा भरला तर कॅरोटीन जवळजवळ शून्य मिळते; हिवाळ्यात लाल भाजी किंवा पालक आणि उन्हाळ्यात मुनग्याचा पाला व भोपळा घातला तर त्याच तेलात ते अंगी लागते. शाळेच्या कुंपणाशी शेवग्याचे एक झाड लावण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.