रस्ता लोकसंख्येवर, गाडी नफ्यावर!

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. सोव्हिएत सहकार्याने, सार्वजनिक मालकीत उभ्या राहिलेल्या या कारखान्याने देशाच्या रेल्वेला रूळ पुरविले. आज तेथून २६० मीटर लांबीचे रूळ बाहेर पडतात. त्यासाठी दुर्ग जिल्ह्यातील शेतकऱ्यांची भातशेते गेली आणि दल्ली-राजहराच्या खाणमजुरांनी लोहखनिज उपसले. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाई नागरी समूहाची लोकसंख्या १० लाखांवर पोहोचली. परंतु ज्या खेड्यांच्या जमिनीवर व श्रमावर हे नगर वाढले, त्यांच्या दळणवळणाचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २५० लोकसंख्या, ही तिची अट. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी ही अट १०० वर आली, हे स्वागतार्हच होय. पण मोजणी २०११ च्या जनगणनेचीच! २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे २०११ नंतर जन्मलेले मूल शाळेत जाऊ लागले, तरी शाळेच्या रस्त्याच्या हिशेबात ते नाही. आणि सपाटीवरील ४९० वस्तीच्या पाड्यातील बाळंतिणीला दवाखान्याची गरज ५०० वस्तीच्या गावातील बाळंतिणीहून कमी असते काय?

रस्ता झाला म्हणजे दळणवळण झाले, हाही एक भ्रमच. रस्त्यावरून जाण्यासाठी गाडी लागते. २००० साली छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि पहिल्या काही वर्षांतच वाट्याला आलेली सरकारी बस वाहतूक मोडीत काढण्यात आली. तेव्हापासून प्रवासी खाजगी मालकाच्या मर्जीवर आहे. जेथे गर्दी तेथे गाडी, जेथे तोटा तेथे पायपीट, हा नफ्याचा साधा नियम. रात्री पाळी संपवून खेड्याकडे निघालेला कंत्राटी कामगार, पहाटे भाजीची पाटी घेऊन निघालेली स्त्री, महाविद्यालयात जाऊ पाहणारी मुलगी, यांचा या नियमात कोठेच विचार नाही. ज्याला परवडते तो कर्ज काढून मोटारसायकल घेतो. उरलेल्यांसाठी सायकल आणि पाय.

२०२५ मध्ये मुख्यमंत्री ग्रामीण बस योजनेचा आरंभ झाला. सुरुवात बस्तर व सरगुजा विभागांतून झाली. तिच्यातही गाड्या खाजगी मालकांच्या आणि अनुदान सरकारी तिजोरीतून. अनुदान द्यायचेच, तर सार्वजनिक महामंडळ का नको?

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. दल्ली-राजहराचे खनिज सरत आले, तेव्हा रावघाटच्या खनिजासाठी जंगलातून नवा लोहमार्ग टाकण्यात आला. २०२२ मध्ये अंतागढपर्यंत प्रवासी गाडी गेली. आदिवासी जनतेला तिचा लाभ झाला, हे निर्विवाद. पण मार्ग निघाला तो खनिजाच्या मागणीवर, माणसांच्या नव्हे.

शेजारच्या महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली. ‘गाव तेथे एस. टी.’ या धोरणामुळे नफ्याच्या मार्गांनी तोट्याचे मार्ग पोसले. तरीही गडचिरोलीतील गर्देवाड्याला एस. टी. पोहोचण्यास १ जानेवारी २०२५ उजाडावे लागले. सार्वजनिक व्यवस्था असूनही जेथे इतका विलंब, तेथे ती मोडून टाकल्यावर काय होणार, हे सांगणे नलगे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. लोकसंख्येची अट रद्द करून प्रत्येक पाड्याला बारमाही रस्ता द्यावा. छत्तीसगडमध्ये सरकारी परिवहन महामंडळ पुन्हा उभारावे. भिलाईच्या पाळ्यांच्या वेळा साधून आसपासच्या खेड्यांकडे गाड्या सोडाव्यात, आणि त्या खर्चाचा भार कंत्राटदार व कारखान्यानेही उचलावा. कामगारांच्या व शेतमजुरांच्या संघटनांनी हा प्रश्न एकत्रितपणे हाती घेतला पाहिजे. देशाला रूळ देणाऱ्या भूमीतील माणसाने घरी पायी जावे, ही स्थिती यापुढे चालू देता कामा नये.