तळ्यात श्वास कोण घेतं?

तळ्यात मासे मेले की पेपरात बातमी येते, 'पाण्यात विष?' मग भर दुपारी कुणीतरी बाटलीभर पाणी नेतं, ऑक्सिजन मोजतं आणि रिपोर्ट देतं की पाणी ठीक! निदान सिव्हिलवाल्यांनी तरी असला रिपोर्ट मान्य करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९३२ साली मॅक्स क्लायबरने दाखवून दिलं की प्राण्याचा चयापचय वजनाच्या पाऊण घाताने वाढतो. वजन दहा हजार पट, पण खर्च फक्त हजार पट. उलटं वाचा: ग्रॅममागे छोटा जीव मोठ्याच्या दहापट ऑक्सिजन खातो. (पाऊण हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. माशांत तो ०.८ च्या आसपास येतो, एकपेशीय जीवांत तर गणितच बदलतं. तरीही पोटभर खायला मिळालेले जीवाणू ग्रॅममागे माशाला सहज मागे टाकतात.)

म्हणूनच पाण्यातली अन्नसाखळी वजनावर तोलता येत नाही. जंगलात झाडं जड आणि खाणारे हलके. समुद्रात बऱ्याचदा उलटं दिसतं, कारण वनस्पतिप्लवक काही दिवसच जगतं, पण भराभर वाढतं. जगातल्या एकूण वनस्पतींच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम एक टक्का, प्रकाशसंश्लेषणात मात्र जवळपास निम्मा!

आता आपलं सांडपाणी पिऊन हिरवंगार झालेलं तळं घ्या. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, जीवाणू आणि प्राणिप्लवक तो ओढून घेतात. माशांचा वाटा त्यात थोडाच. त्यात उन्हाळा असला तर बघायलाच नको. दहा अंश तापमान वाढलं की चयापचय साधारण दुप्पट होतो, आणि पाण्यात मुळात ऑक्सिजनच कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला ७.५. सूर्योदयाच्या जरा आधी तळ गाठला जातो, मासे तडफडतात. दुपारपर्यंत शेवाळाने भरपाई केलेली असते. पुरावा गायब!

गंमत म्हणजे बी.ओ.डी.च्या बाटलीत आपण हेच मोजतो, अंधारात, तीन दिवस, २७ अंशाला. व्हायवासाठी हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. बाटलीत कोण श्वास घेतंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

एन्व्हायर्नमेंट लॅबने डी.ओ. मीटर रात्रीसाठी बाहेर द्यावा, एवढी सरांना विनंती. पहाटे पाचचं रीडिंग आणि पाण्याचं तापमान, दोनच रकाने. सबमिशनच्या आठवड्यात त्या वेळी निम्मं हॉस्टेल जागंच असतं.