पुरस्कार रद्द झाला, समीक्षा कुठे होती?

डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातील आठवणींच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार अवघ्या सहा दिवसांत रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. अनघा लेले यांचा अनुवाद कसा उतरला आहे, यावर त्या गदारोळात फारसे कोणी बोलले नाही. वाद रंगला तो मूळ लेखकाच्या नक्षलवादाशी जोडल्या गेलेल्या नावाचा. निषेध म्हणून राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचा राजीनामा देणाऱ्यांत कवयित्री प्रज्ञा दया पवार होत्या.

हे नाव नगर जिल्ह्याला परके नाही. त्यांचे वडील दया पवार अकोले तालुक्यातील धामणगावचे. १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘बलुतं’ने मराठी समीक्षेची मोठी परीक्षा पाहिली. ‘सौंदर्य आणि साहित्य’ लिहिणाऱ्या मर्ढेकरांच्या काळापासून कलाकृतीची स्वायत्तता हे येथील समीक्षेचे आवडते सूत्र. गावकुसाबाहेरचे आणि मुंबईतील कावाखान्याचे ते जगणे त्या चौकटीत बसेना. तेव्हा अनेकांनी त्याला ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून गौरवले आणि वाङ्मयीन प्रश्न टाळला. दुसरीकडे, आपलीच लक्तरे वेशीवर का टांगली, असा रोष दलित समाजातील काही सुशिक्षितांनी व्यक्त केला. दोन्ही प्रतिक्रिया पुस्तकात काय आहे यावर होत्या, ते कसे लिहिले आहे यावर नव्हत्या.

वास्तविक तिथेच खरी गंमत आहे. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि शिकून-सवरून दया पवार झालेला तोच माणूस ऐकतो. शिक्षणाने जातीतून सुटका होते, या समजाला ही रचनाच छेद देते. कारण दगडू काही केल्या मागे राहत नाही. म्हणजे या पुस्तकाचे राजकारण त्याच्या रूपात आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहून निकषांचाच प्रश्न ऐरणीवर आणला खरा, पण वृत्तपत्रांतील परीक्षणे अजूनही बहुधा कथासार आणि अभिनंदन यांपलीकडे जात नाहीत. (यात आम्ही वृत्तपत्रवालेही आलो.)

तुरुंगातील लेखनाचे तर या जिल्ह्याला अप्रूप नसावे. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये येथील भुईकोट किल्ल्यात बंदिवासात लिहिले. त्यांना डांबणाऱ्या सरकारच्या दृष्टीने तेही राजद्रोहीच होते. दोन्ही लेखकांची तुलना येथे अभिप्रेत नाही. प्रश्न इतकाच, की पुस्तकाचे मोल लेखकाच्या गुन्ह्याने ठरवायचे की पानांवरील मजकुराने? दुसऱ्या मार्गाने जायचे तर आधी कोणी तरी ते वाचून, जाहीरपणे, कारणे देऊन मत मांडलेले असावे लागते. २०२२ मध्ये असे लेखन समोर असते, तर शासनालाही त्याचा प्रतिवाद करावा लागला असता. तसे काही समोर नव्हते; त्यामुळे आदेशात प्रशासकीय कारण एवढेच लिहून काम भागले.